पाण्याखालच्या पायऱ्या

मैसूरच्या शिवरामपेटेत, एका गल्लीच्या तोंडाशी, शंभूरावांचं शिलाईचं दुकान एक्केचाळीस वर्षं चाललं. त्यांच्या घराण्यानं हे गाव कधी धरलं ते आता कोणालाच नीट सांगता येत नाही. एवढं खरं की घरात मराठी टिकली. पण ती अशी, की पुण्याकडचा कोणी पाहुणा आला तर पहिली दोन मिनिटं नुसता तोंडाकडे बघत राही. निम्मं वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि कन्नडमध्ये जाऊन थांबायचं. दुकानात विठोबाची तसबीर, दोन मशीन, कापायचं लांब टेबल आणि दोरीला अडकवलेले अर्धवट शर्ट. शंभूरावांचा लौकिक असा की माणूस उंबऱ्यात उभा राहिला की टेप न लावता ते छाती आणि खांदा सांगत. मग टेप लावून दाखवत आणि हसत.

दुकान बंद केलं ते गिऱ्हाईक तुटलं म्हणून नव्हे. रेडिमेडच्या दिवसांतही गोकुलमला योग शिकायला आलेले परदेशी लोक सुती पायजमे शिवायला रिक्षा करून त्यांच्याकडे येत. दुकान बंद केलं ते अंबुबाईसाठी.

अंबुबाई म्हणजे त्यांची बायको. काज, बटण, तुरपाई, सगळं हातकाम इतकी वर्षं तिनंच केलं. मापाची वहीसुद्धा तिचीच. तिचं कन्नड अक्षर असं गोल आणि सुबक की गिऱ्हाइकं वही उघडून बघत बसत. पाच वर्षांपूर्वी तिनं एका शर्टाला बटणं आतल्या बाजूनं लावली. शंभूराव हसले, तीही हसली. मग देवराज मार्केटमध्ये, जिथं ती डोळे मिटून फिरली असती, तिथं ती फुलांच्या गल्लीत हरवली. एक फुलवाली हाताला धरून तिला दुकानापर्यंत घेऊन आली. पुढं डॉक्टर, तपासण्या, गोळ्या. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, हे उतरणीला लागलंय, वर चढणार नाही. शंभूरावांनी एक मशीन विकून टाकलं, दुसरं अग्रहार भागातल्या घराच्या पुढच्या खोलीत आणलं, आणि दुकानाची किल्ली मालकाला परत दिली.

नंतरची चार वर्षं त्यांनी बायकोचं सगळं स्वतःच्या हातांनी केलं. लुगडं नेसवणं जमेना, तेव्हा तिच्याच मऊ पडलेल्या लुगड्यांचे गाऊन शिवले. पुढून उघडणारे, हूक नाही, बटण नाही, कमरेला सैल इलॅस्टिक. असे नऊ गाऊन. वेणी घालायला शिकले. भात मऊ कालवून, छोटे घास करून भरवायला शिकले. एकादशीला विठ्ठल मंदिरात भजनाला गेले की बायका म्हणायच्या, "असा नवरा मिळायला पुण्य लागतं बघा." शंभूराव मान खाली घालायचे, पण मनातून त्यांना बरं वाटायचं. आपला संसार चांगला झाला याबद्दल त्यांना कधीच शंका आली नव्हती. त्रेचाळीस वर्षांत तिनं एकदाही आवाज चढवला नाही. कशाला नाही म्हटलं नाही.

गेल्या गणपतीपासून ती बोलायचीच थांबली. आधी वाक्यं गेली, मग शब्द. उरला तो एक हुंकार, आणि बोटांची एक सवय. चादरीची कड दुमडून ती अदृश्य सुईनं तुरपाई करत बसायची.

लावण्या ही त्यांची नात, लेकीची, वरलक्ष्मीची मुलगी. वरलक्ष्मी बोगादीला राहते, तिकडच्याच एका शाळेत शिकवते. लावण्या पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होती. दर शनिवारी दुपारी ती स्कूटीवरून यायची आणि तीन तास अज्जीजवळ बसायची, म्हणजे शंभूरावांना औषधं, रेशन, काय असेल ते उरकता यावं. मराठी तिची तोकडी. पण अज्जीशी तशीही भाषा लागत नव्हती.

जानेवारीतल्या एका शनिवारी शंभूरावांना बाहेरचं काही काम नव्हतं. ते स्वयंपाकघरात कॉफी गाळत होते. पुढच्या खोलीत लावण्यानं मशीनच्या फळीवर लॅपटॉप ठेवून कसलासा सिनेमा लावला होता. अज्जी शेजारच्या वेताच्या खुर्चीत.

एकदम आवाज आला. "अगं ए, त्या दगडावर नको बसूस. हलतो तो."

शंभूरावांच्या हातातली गाळणी तशीच राहिली. आवाज अंबुबाईचा होता. पण इतका कोवळा आवाज त्यांनी कधी ऐकला होता ते त्यांना आठवेना.

"अज्जा!" लावण्या ओरडली. "अज्जा, बा इल्ली, इकडं ये! अज्जी बोलली! पुरा सेंटेन्स बोलली!"

ते धावत आले. पडद्यावर चित्रं हलत होती, हातानं काढलेली, जपानी. पाण्याकाठच्या दगडी पायऱ्यांवर बायका बसून धुणं आपटत होत्या. थप्प, थप्प असा आवाज, आणि त्यामागं पाण्याची गाज. एक आठ-नऊ वर्षांची मुलगी, लाल झबल्यासारखं काही घातलेली, पायरीच्या कडेला उभी राहून बघत होती. अंबुबाई खुर्चीत पुढं सरकली होती. डोळे पडद्याला लागलेले, हात मांडीवर स्थिर. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा बोटं तुरपाई करत नव्हती.

"थांबवू नकोस," शंभूराव कुजबुजले. "चालू दे. चालू दे ते."

लावण्यानं मग हळू आवाजात, तुटक्या मराठीत त्यांना गोष्ट सांगितली. एक गाव धरणाच्या पाण्याखाली गेलंय. वर मोठा तलाव. त्या तलावावर होडी चालवणारा एक म्हातारा आणि त्याची ही नात. मुलीला पाण्याखालून घंटा ऐकू येते. मग एक मोठा प्राणी येतो, पालीसारखा पण म्हशीएवढा, आणि तिला पाठीवर घेऊन खाली जातो. खाली गाव तसंच आहे. घरात दिवे आहेत, बायका धुणं धुतात.

"पाण्यातच धुणं?" शंभूरावांनी विचारलं.

"हां अज्जा. त्यांना माहीत नाही. ते बुडाले, ते त्यांना माहीतच नाही. ते तिला विचारतात, वर अजून पाऊस पडतोय काय? ती म्हणते, हां, पडतोय. खरं सांगत नाही ती."

सिनेमा दीड-पावणेदोन तासांचा होता. अंबुबाई एकदाही उठली नाही. मधेच हसली. एका म्हातारीच्या हातून परात निसटून पाण्यात वर वर तरंगत गेली, तेव्हा तर खळखळून हसली. लावण्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, सिनेमामुळं की अज्जीमुळं ते तिचं तिलाच ठाऊक. शेवटी ती मुलगी एकटीच वर येते. होडीच्या काठाला धरून खाली बघते. पाणी गढूळ होत जातं आणि खालचे दिवे एक एक करून दिसेनासे होतात. कोणी बोलत नाही. नुसती घंटा. अंबुबाईच्या गालांवरून पाणी ओघळलं आणि तिनं ते गाऊनच्या बाहीनं पुसलं, स्वतःच्या हातानं.

मग ती शंभूरावांकडे वळली. नीट, डोळ्यांत डोळे घालून तिनं बघितलं. शंभूरावांना वाटलं, आली. परत आली.

"सत्यण्णा," ती म्हणाली.

सत्यनारायण हा तिचा थोरला भाऊ. नंजनगूडला राहायचा, त्याला जाऊन अकरा वर्षं झाली.

"सत्यण्णा, तू आईला सांग ना रे. तुझं ऐकते ती. मला त्या मैसूरच्या शिंप्याकडं नको द्या."

खोलीत लॅपटॉपचा पंखा तेवढा वाजत होता.

"सीट लागलीय मला. टीसीएचची. पत्र आलंय ना, तूच आणलंस पोस्टातनं. दोन वर्षं नुसती. मग मी मास्तरीण होते, मग कुठं द्यायचं तिथं द्या." ती थांबली, जणू तो काय म्हणतो ते ऐकून घेतलं. "वाईट नाही रे तो. वाईट असेल असं मी म्हणतच नाही. पण त्यानं बघितलं ना माझ्याकडं, ते माप घेतल्यासारखं. खांद्यापासनं खालपर्यंत. मला नको. सांगशील ना?"

शंभूराव उभेच होते.

"सांगशील ना, सत्यण्णा?"

"कॉफी... कॉफी गार होते आहे," ते म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले. ओट्याला धरून उभे राहिले. परत आले तेव्हा अंबुबाईची बोटं गाऊनच्या कडेवर चालू लागली होती, आणि डोळ्यांतलं सगळं गेलं होतं.

लावण्यानं त्यांच्याकडं बघितलं नाही. लॅपटॉप मिटून पिशवीत घालत ती म्हणाली, "अज्जा, ती कुणाला... ते आजारातलं असतंय. मम्मीला सांगू नको काय?"

"नको," शंभूराव म्हणाले.

त्या आठवड्यात त्यांचं कशात लक्ष लागलं नाही. त्यांना ते बघणं आठवत होतं. एक्याऐंशी साल, नंजनगूडचं घर, खांबाला टेकून उभी असलेली एकोणीस वर्षांची अंबू. आपण बघितलं होतं हे खरं. आवडली म्हणून बघितलं होतं. तिनं खाली मान घातली ती लाजून, असं ते त्रेचाळीस वर्षं धरून चालले होते. मग एक एक गोष्ट आपसूक वर येऊ लागली. वरलक्ष्मीला बी.एड.ला प्रवेश मिळाला त्या दिवशी अंबू न्हाणीघरात जाऊन रडली होती. आनंदानं, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. गल्लीतल्या दोन पोरांना ती ओट्यावर पाटी घेऊन बसवायची. शंभूरावच एकदा म्हणाले होते, हातातलं काम पडतं ना मग. दुसऱ्या दिवसापासून पोरं आली नाहीत. त्यावर ती काही बोलली नव्हती. ती कधीच काही बोलत नव्हती, आणि त्यालाच ते सुख म्हणत आले होते.

पण नुसतं दुःख असतं तर ते गप्प बसले असते. त्यात एक आशाही येऊन बसली, आणि तीच जास्त छळू लागली. ती बोलू शकते. त्या चित्रांनी तिच्या आत कुठंतरी हात घातला होता. आज एकोणीस वर्षांची अंबू बोलली, उद्या तिशीतली बोलेल, पन्नाशीतली बोलेल. कधीतरी ती त्यांना ओळखून सांगेल, की नंतर निवळलं सगळं, नंतर तसं राहिलं नाही. किंवा सांगेल की तसंच राहिलं. काहीही सांगू दे. सांगू दे मात्र.

पुढच्या शनिवारी त्यांनी लावण्याला दारातच विचारलं, "ते आणलंस काय? ते जपानी?"

दुसऱ्या वेळी अंबुबाई धुण्याच्या जागी "दगड" एवढंच म्हणाली. आणि परात तरंगली तेव्हा हसली. शंभूराव तिच्या समोर, अगदी गेल्या वेळच्याच जागी बसून होते. सिनेमा संपला. ती त्यांच्याकडे वळली नाही.

लावण्यानं मग तो सिनेमा एका पेनड्राइव्हवर घालून टीव्हीला लावून दिला, कारण अज्जा आठवडाभर थांबायला तयार नव्हते. जेवण झालं, औषध झालं की रोज अडीच-तीनच्या सुमाराला ते खुर्ची ओढून तिला टीव्हीपुढं बसवत. पहिले चार दिवस ती हसली. मग नुसते डोळे पडद्याकडे. मग डोळे पडद्याकडे असायचे पण बोटं चालू. शंभूराव मात्र रोज बघत होते. इंग्रजी अक्षरं खाली पळायची, ती त्यांना कळत नव्हती, आणि जपानी तर नाहीच. पण कुठं कोण काय म्हणतं ते त्यांना पाठ झालं. खालच्या बायका मान वर करून मुलीला विचारत, वर अजून पाऊस पडतोय काय. तिथं त्यांचा श्वास अडकायचा. रोज अडकायचा. चाळीसाव्या वेळी अडकला, साठाव्या वेळीही. ही माणसं रांधतात, धुतात, पोरांना हाका मारतात, आणि त्यांना पत्ता नाही. कोणी सांगितलंच नाही त्यांना.

मार्चमध्ये लावण्याची परीक्षा झाली. एका रविवारी वरलक्ष्मीला दिवसभर घरी बसवून शंभूराव नंजनगूडची बस धरून गेले. कुठं, ते सांगितलं. कशाला, ते नाही.

सत्यनारायणाची बायको मालतीबाई सत्तरीला आलेली. गुडघ्यांनी गेलेली, पण कान आणि जीभ शाबूत. तिनं जावयाचा मान म्हणून सुनेला उपमा करायला लावला. अंबूची विचारपूस झाली. मग शंभूरावांनी विचारलं. चार वेळा घसा खाकरून, पण विचारलं.

"वहिनी, एक सांगा. आमच्या लग्नाच्या वेळी अंबूचं मन होतं काय?"

मालतीबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. "अय्यो शंभूराव, हे आता विचारायला इथवर आलात?"

"सांगा."

"तीन दिवस जेवली नव्हती ती. मी नवीन सून, माझ्याच कुशीत झोपायची. आमच्या ह्यांनीच ते कॉलेजचं पत्र चुलीत घातलं. सासूबाई म्हणाल्या, मुलगा चांगला आहे, हातात कला आहे, आपल्यातला आहे, आणखी काय पाहिजे. चूक काही नव्हतं म्हणा त्यांचं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गल्लीत पण ठाऊक होतं." तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. "तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

शंभूरावांनी उपम्याची बशी खाली ठेवली.

"मग नंतर? नंतर कधी बोलली ती? माहेरपणाला यायची, बाळंतपणाला आली. तुमच्याशी बोलत असेल."

"विचारायची मी. अंबी, कसं आहे गं? मी तिला अंबीच म्हणायची, आम्ही सगळेच. म्हणायची, बरं आहे."

"बरं आहे म्हणजे?"

"बरं आहे म्हणजे बरं आहे. आणखी काय सांगायचं असतं बाईनं?" मग तिला कीव आली असावी. "तुम्ही मारलं नाही, पिऊन आला नाही. तिनं तुमच्याबद्दल वाकडा शब्द काढला नाही कधी. तेवढं घेऊन जा."

तिनं ते दिलासा म्हणून दिलं होतं. शंभूरावांना ते घेता येईना आणि ठेवूनही देता येईना.

बसला अवकाश होता. ते देवळामागून कपिला नदीच्या काठावर गेले. रविवारची गर्दी होती, कोणी बुडी मारत होतं, कोणी लेकरांना अंघोळ घालत होतं. अंबू म्हणाली तो हलणारा दगड कुठं असेल म्हणून ते पायऱ्या उतरले. वहाणा हातात घेऊन एक एक दगड पायानं दाबून बघत गेले. एका बाईनं विचारलंही, काही पडलं काय तुमचं? ते नाही म्हणाले. काठाचा निम्मा भाग नव्या दगडांनी बांधून काढलेला होता, सांध्यांत सिमेंट भरलेलं. एकही दगड हलला नाही.

घरी आले तेव्हा वरलक्ष्मी दारात होती. तिला लावण्याकडून एव्हाना कळलं होतं. "अप्पा," ती म्हणाली, "ते आईचं बोलणं नव्हे. मेंदू गोष्टी जुळवतो अशा वेळी. डॉक्टरांना विचारा पाहिजे तर."

"तुझी आई टीसीएचला जाणार होती, तुला माहीत होतं?"

वरलक्ष्मीनं नजर वळवली. मग म्हणाली, "एकदा म्हणाली होती. मी बी.एड.ला होते तेव्हा. तुमच्यासमोर बोलू नकोस म्हणाली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

शंभूराव पायावर पाणी घेऊन आत गेले आणि तिनं लावून ठेवलेला कुकर उतरवला.

सिनेमा मात्र ते लावत राहिले. आता आशा अशी नव्हतीच; पण बंद केलं तर उरलेलं दारही आपणच लावल्यासारखं होईल, असं त्यांना वाटे. एप्रिलच्या एका दुपारी तो मोठा प्राणी पाण्यातून वर आला, त्याचं रुंद तोंड पडदाभर झालं, आणि अंबुबाई किंचाळली. इतके दिवस ते तोंड तिनं कितीदा बघितलं होतं. ती खुर्चीतून उठायला गेली, पडली, आणि सावरायला आलेल्या शंभूरावांच्या तोंडावर दोन्ही हातांनी मारू लागली. त्यांचा चष्मा फुटला. गाऊन ओला झाला. तिला शांत करून, धुऊन, कोरडं करून निजवेपर्यंत दिवस कलला. मग त्यांनी पेनड्राइव्ह काढला आणि लावण्या आली तेव्हा तिच्या हातात ठेवला.

"नको आता," ते म्हणाले.

"अज्जा, दुसरं कायतरी लावू? गाणी? जुनी गाणी?"

"साकु, लावण्या. नको."

जूनमध्ये लावण्याला बेंगळुरूला प्रवेश मिळाला. ती पाया पडायला आली तेव्हा अंबुबाई झोपली होती. लावण्यानं झोपेतल्या अज्जीच्या पायांना हात लावला, बराच वेळ तशीच वाकून राहिली, आणि मग वळून न बघता स्कूटी चालू करून निघून गेली. शनिवारही मग इतर वारांसारखाच झाला. रेशन आणायला शंभूराव शेजारणीला दहा मिनिटं बसवून धावत जात आणि धावत येत.

अंबुबाईचं अन्न कमी होत गेलं. घास तोंडात तसाच राही, गालात साठे. गिळ म्हणून सांगावं तर तिला गिळणं म्हणजे काय तेच आठवत नसे. डॉक्टर म्हणाले, नळी घालायची वेळ येईल, तयारी ठेवा.

श्रावणातल्या एका दुपारी शंभूराव तिला भरवत होते. मऊ भात, साराचं पाणी. एक घास कसाबसा गेला. त्यांनी वाटी खाली ठेवली. खुर्चीसमोरचं स्टूल थोडं मागं सरकवलं, जरा लांब, जसा भाऊ बसेल तसं. जानेवारीपासून जे सांगायचं राहून गेलं होतं ते त्यांनी आधी मनात दोनदा म्हणून बघितलं. आवाज आपला वाटू नये म्हणून जरा वेगळा काढला.

"अंबी," ते म्हणाले.

ती भिंतीकडे बघत होती.

"अंबी, मी आहे, सत्यण्णा. आईशी बोललो मी. नको म्हटलंय आपण त्यांना. मैसूरच्यांना. निरोप धाडलाय. ते पत्र आहे माझ्याजवळ, जपून ठेवलंय. सोमवारी जाऊ आपण दोघं, फॉर्म भरू. तू शिक. ऐकलंस? नाही करायचं तर नको करूस."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. शंभूरावांनी तेच पुन्हा म्हटलं, सावकाश, एक एक शब्द सुटा करून, जसं बहिऱ्या माणसाशी बोलावं. "नको करूस, अंबी. कोणी जबरदस्ती करणार नाही."

अंबुबाईनं मान हळूहळू वळवली. तिचे डोळे त्यांच्या चेहऱ्यावरून गेले, खांद्यावरून गेले, कुठंच थांबले नाहीत. मग तिनं तोंड उघडलं.

शंभूराव पुढं वाकले. त्यांनी वाट बघितली.

तोंड तसंच उघडं राहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी वाटी उचलली, बोटांनी भाताचा छोटा गोळा केला आणि तो तिच्या जिभेवर ठेवला.